सरांचं संत्र्याचं झाड

आमच्या सरांच्या वर्गात ‘येस सर’ म्हणणाऱ्याची गैरहजेरी लागायची. हजर राहायचं असेल तर घरून कॉलेजात येताना पाहिलेली एक गोष्ट सांगायची. एकच, पण स्वतः पाहिलेली आणि त्याच दिवशीची.

“सर, जाम नदीच्या पुलाखाली बगळा उभा होता. एक पाय वर घेऊन.”

हजर.

“सर, जिनिंगसमोर कापसाची गाडी होती, आन कापसावर माणूस झोपून होता.”

हजर.

“सर, बगळा.”

“थो काल झाला. आजचं सांग.”

आजचं नसेल तर बस खाली, गैरहजर.

पांढुर्ण्याच्या कॉलेजात ते आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवत. उंच, हडकुळे, पांढरा शर्ट. खिशाला पेन कधीच नसायचं, कुठली तरी डहाळी असायची. सही करायची वेळ आली की पोरांकडे पेन मागायचे आणि परत देताना त्याच्याबरोबर ती डहाळीही द्यायचे. सायकलच्या साखळीत पँट अडकू नये म्हणून उजव्या पायाला लावलेली क्लिप दिवसभर तशीच असायची. घर नदीपलीकडे सावरगावला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते, सावरगाव आणि पांढुर्णा नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड भिरकावतात. त्या दिवशी सर घराबाहेर पडत नसत. कोणी विचारलं तर म्हणत, “माझं घर सावरगावचं, बायको पांढुर्ण्याची. माह्या घरी गोटमार बाराही महिने होते. नदीवर कायले जाऊ?”

मी त्या कॉलेजात नवी होते. वडिलांच्या बदल्यांमुळे माझं शिक्षण जबलपूरला इंग्रजी शाळेत, वसतिगृहात राहून झालेलं. घरी आम्ही मराठी बोलायचो, पण पांढुर्ण्याच्या मराठीत सगळे सतत काही ना काही ‘करून राहिलेले’ असत. ती मला पूर्ण कळायची आणि अजिबात बोलता यायची नाही. खरं म्हणजे मी कोणत्याच भाषेत फारसं बोलत नसे. तोंड उघडलं की आपल्याविषयी काहीतरी बाहेर पडतं, असं मला वाटायचं.

त्यामुळे हजेरी हे माझ्यावर संकट होतं. पाहिलेलं पुष्कळ असायचं. न बोलणाऱ्या माणसाला पाहण्यासाठी वेळच वेळ असतो. पण नंबर आला की सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा आणि माझी जीभ टाळूला चिकटायची. पहिल्या बाकावर बसून मी कित्येक दिवस गैरहजर होते.

माझ्या शेजारी वंदना बसायची. ती सौंसरची, तिच्या घरच्या संत्र्याच्या बागा. शिकायला मामाकडे राहिली होती. बोलण्यात तिला कोणी हरवू शकत नसे.

“अवं, सांग ना काहीतरी. गाय पायली म्हण. गाय तं रोजच दिसते.”

“आज नाही दिसली,” मी म्हटलं.

“तं मंग राय गैरहजर, हरिश्चंद्राची पोरगी.”

एके दिवशी सर माझ्या बाकाशी येऊन थांबले. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर विचारणार. त्यांनी खिशातून खडू काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

“बोलता नाई येत तं काढ.”

मी बाकाच्या लाकडावर खडूने काढलं: कुंपणावर वाळत घातलेलं धोतर, त्याचा वाऱ्याने झालेला पिळा आणि त्या पिळ्यात डोकं खुपसून बसलेली चिमणी. सरांनी मान तिरपी करून ते बराच वेळ पाहिलं. मग चिमणीच्या शेपटीवर बोट ठेवून म्हणाले, “शेपूट अशीच होती? वर?”

मी मान हलवली.

“हजर.”

तेव्हापासून माझी हजेरी बाकावर लागायची आणि पुढच्या तासाला डस्टरने पुसली जायची. वंदनाने एकदा त्यांना विचारलं होतं, “सर, आमची सगळ्यांची हजेरी तुम्ही घेता. तुमची कोण घेते?”

“घेईन कोणीतरी,” सर म्हणाले, “अजून कोणी भेटलं नाई.”

त्यांचं दुसरं वेड नावांचं. नावं त्यांना आवडत नसत असं नाही, हजारो पाठ होती. पण प्रयोगशाळेत टेबलावर एखादी फांदी ठेवली आणि कोणी चटकन तिचं नाव सांगितलं, तर त्याला ते मागच्या भिंतीशी उभं करायचे. “नाव मंग. आधी पाय. नीट पाहून घे. नाव समजलं का माणूस डोये मिटते.” माझ्या शाळेत नेमकं उलटं होतं. जास्वंदीचं फूल हातात घेण्याच्या आधी मला हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस हे नाव स्पेलिंगसकट येत होतं. पहिल्या महिन्यात असंच एक नाव माझ्या ओठांवर आलं होतं, पण जीभ हलली नाही म्हणून भिंतीशी जाता जाता वाचले.

आणि तिसरं वेड त्यांच्या झाडाचं.

एमेस्सी करायला ते विद्यापीठात होते, तेव्हाची गोष्ट. सौंसरच्या एका बागेतून संत्र्याचं कलम त्यांनी तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून, मांडीवर धरून, पॅसेंजर गाडीने नेलं आणि विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात लावलं. त्यांच्या प्राध्यापकांनी कौतुकाने त्याला पाटी लावून दिली: वर शास्त्रीय नाव, खाली ‘संत्रा’ आणि त्याच्याखाली ‘सौंसर’. परीक्षा झाली, सर गावी आले, नोकरीला लागले. झाड तिकडेच राहिलं. तिथे परत जायचा योग त्यांना आला नव्हता. पण कोणताही धडा असो, तो फिरून त्या झाडाशी यायचा. मुळं शिकवताना ‘माझ्या संत्र्याची मुळं’, पानं शिकवताना ‘माझ्या संत्र्याचं पान’. पाऊस लांबला तर म्हणायचे, तिकडे पडला असेल का. वंदना म्हणायची, “सरले दोन पोरं आन एक संत्रा.”

आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाचं विज्ञान संग्रहालय आणि वनस्पती उद्यान पाहायला जाण्याची सहल मंजूर झाली. सरांनी किती वर्षं अर्ज केले होते कोण जाणे. त्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला हजेरी न घेताच हजर लावलं. तसं पुन्हा कधी झालं नाही.

डिसेंबरातली पहाट होती. स्टेशनवर आम्ही सगळे स्वेटर-मफलरमध्ये. वंदनाने घरून आलेली संत्र्यांची पिशवी आणलेली. सर आले ते हातात एक गोणपाटाची पिशवी घेऊन. ती त्यांनी माझ्याकडे दिली. आत पळसाची पानं होती. आमच्याकडे पत्रावळी लावतात तशी, मोठी, जाड, एकावर एक नीट रचलेली.

“सर, तिथे जेवायला पत्रावळी लावायच्या का?” एकाने विचारलं.

“परदे आहेत,” सर म्हणाले. “सांभाळ वं पोरी. आन हजेरी आज परतीच्या गाडीत. आज पायाले लय आहे.”

गाडीत ते एका जागी बसले नाहीत. या खिडकीतून त्या खिडकीत. मधेच माझ्याजवळ येऊन सांगून जायचे, “आता थे खूप मोठं झालं असन. सावली पडत असन. तुमी सगळे सावलीत बसू शकसान.”

संग्रहालयाच्या दारात परद्यांचा अर्थ कळला. सरांनी आम्हाला बाहेर थांबवलं, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि एकटेच आत गेले. प्रत्येक वस्तूपुढे नाव लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी होती. प्रत्येक पाटी त्यांनी पळसाच्या एकेका पानाने झाकली. चौकीदार धावत आला.

“ओ साहब, ये क्या कर रहे हो?”

“झाकून राहिलो.”

“काय को?”

“इनको पढ़ना आता है ना, इसलिए.”

चौकीदाराला ते पटलं नाही, पण त्यात नियमाविरुद्ध काय आहे हेही त्याला सांगता येईना. तो कंबरेवर हात ठेवून पाहत राहिला. मग सरांनी दार उघडलं आणि म्हणाले, “या. शिवायची परवानगी घेतली आहे. वाचायची नाई.”

त्या दिवसाइतकी मी आधी कधी हरखले नव्हते. मधोमध छतापासून लांब तारेला एक पितळी गोळा टांगलेला होता आणि तो संथपणे झुलत होता, कोणी ढकलत नसताना. एका कपाटात माझ्या कमरेएवढं रुंद, काळंभोर काहीतरी होतं, दोन नारळ जुळे जन्मल्यासारखं. कोणी म्हणालं भोपळा, कोणी म्हणालं हत्तीचा पाय. वंदना त्याच्याकडे बघून लाजली आणि म्हणाली, “मले जे वाटून राहिलं थे मी सांगत नाई.” सगळे हसत सुटले. मग सरांनी पान उचललं: समुद्रातल्या बेटांवरच्या एका ताडाचं बी. एवढं मोठं बी. नाव आधी वाचलं असतं तर मी मान हलवून पुढे गेले असते. आता ते नाव बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

कोपऱ्यात जमिनीवर एक ओंडका आडवा होता. मी साल पाहिली, गाठ पाहिली, कापल्या बाजूची वर्तुळं पाहिली. हात ठेवला तर बर्फासारखा थंड. बोटाने वाजवला तर दगड. मी पुन्हा पाहिलं, झाड. पुन्हा वाजवला, दगड. मी इतकी गोंधळले की गुडघ्यावर बसून त्याला गालच लावला. सर मागे येऊन उभे होते.

“काय आहे?”

मी दोन्ही हात पसरले. मला खरंच सांगता येत नव्हतं.

“हाव,” सर एकदम खूश होऊन म्हणाले, “बरोबर तेच आहे.” आणि पान उचललं. ते झाडच होतं, कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेलं.

चौकीदारही आता आमच्याबरोबर फिरत होता आणि पान उचलायच्या आधी आपला अंदाज सांगत होता. एकही बरोबर आला नाही, तरी त्याचा उत्साह कमी झाला नाही. निघताना आम्ही सगळी पानं गोळा करून पिशवीत भरली. पण पुष्कळशी फाटली होती, ती मी टाकून दिली.

उद्यान मागच्या बाजूला होतं. तिथल्या प्रमुख बाई आम्हाला न्यायला आल्या होत्या. नव्यानेच रुजू झालेल्या, नीटनेटक्या. त्या काचघर दाखवत होत्या, पण सरांचं लक्षच नव्हतं. ते जवळजवळ पळत पुढे गेले आणि आम्ही त्यांच्यामागे. विहिरीपलीकडे, मेंदीच्या कुंपणालगत, एक मोठं दाट झाड होतं. बुंध्याजवळ लोखंडी सळईवर पत्र्याची पाटी. रंग उडाला होता, पण अक्षरं दिसत होती. सर गुडघे वाकवून पाटीपुढे बसले. रुमालाने त्यांनी ती पुसली. ‘संत्रा. सौंसर.’ मग उठून झाडाला पाठ टेकून आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी त्यांचा चेहरा पाहत होते, म्हणून झाडाकडे माझं लक्ष जरा उशिरा गेलं. आधी ऐकू आली ती वंदनाची कुजबुज.

“माय वं. हा कुठला संत्रा?”

पाठीमागे दोन-तीन पोरं सौंसरकडची होती. त्यांनीही एकमेकांकडे पाहिलं. वंदनाने हळूच एक पान तोडून चुरगाळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. लिंबाचा वास, तिखट. संत्र्याच्या पानाचा वास असा नसतो, हे तोवर मलाही कळत होतं. फांद्यांवर लांब, टणक काटे होते. आणि वर, पानांच्या आत, एकुलतं एक फळ होतं. पिवळं, खडबडीत, गाठीगाठींचं.

जंबेरी.

संत्र्याच्या मुलखात हे लहान पोरांनाही माहीत असतं. संत्र्याचं कलम म्हणजे खाली जंबेरी या आंबट लिंबाचं रोप आणि त्यावर बांधलेला संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब. खालची जंबेरी हा खुंट. त्याला जी फूट येते ती वेळच्या वेळी काढावी लागते. नाही काढली तर खुंटच जोर धरतो, वरचा संत्रा वाळून जातो आणि जंबेरीचं झाड होऊन बसतं. सरांचा संत्रा कधीच गेला होता. त्यांच्यामागे जे उभं होतं ते त्याच्या पायाखालचं रोप होतं, आणि पाटी संत्र्याची होती.

“कोणी काही बोलू नका,” वंदना दबक्या आवाजात म्हणाली. पहिल्यांदाच ती गंभीर होती. “तोंड पाय त्याईचं. बोलाचं नाई.”

सर सांगत होते. डबा कसा मांडीवर होता, तिकीट तपासनीसाने झाडाचंही तिकीट कसं मागितलं, पहिलं पान फुटलं तेव्हा त्यांनी आईला पत्र कसं लिहिलं. बाई सौजन्याने मान डोलावत होत्या. सरांचा एक हात मागे बुंध्यावर होता, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा. मग ते म्हणाले, “पोरायनो, जवळ या. पाटी वाचा. मोठ्यानं वाचा.”

वाचा.

मी दीड वर्ष त्यांच्या वर्गात होते. हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

मुलं एका सुरात वाचू लागली, “सं-त्रा.” सौंसरकडची पोरं नुसते ओठ हलवत होती.  गप्प राहणं मला सगळ्यांत चांगलं येत होतं आणि आज सगळा वर्ग मला त्यात सामील व्हायला सांगत होता. गप्प राहिले असते तर सर आनंदात घरी गेले असते. आणि उद्या सकाळी वर्गात उभे राहून आम्हाला म्हणाले असते, आधी पाय.

माझ्याकडच्या पानांच्या पिशवीत मी हात घातला. एक पान धड होतं. मी पुढे गेले, पाटीपाशी वाकले आणि तिच्यावर ते पळसाचं पान ठेवलं. वाऱ्याने उडू नये म्हणून हाताने धरून ठेवलं.

वाचणं थांबलं. सर माझ्याकडे पाहत राहिले.

“सर,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. “आधी पाहायचं.”

 सर हळूहळू मागे वळले. आधी त्यांनी वर पाहिलं, मग फांदी जवळ ओढली. काट्यावर बोटाचं टोक टेकवलं. पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. ते डोळे इतका वेळ मिटलेले राहिले की वंदनाने माझा दंड घट्ट धरला. मग ते खाली बसले आणि बुंध्याजवळची माती, पालापाचोळा दोन्ही हातांनी बाजूला करू लागले. वीतभर उंचीवर, जाड फांद्यांच्या बेचक्यात, बोटाएवढा एक वाळका खुंटारा निघाला. काळा, पोखरलेला. त्यांनी तो नखाने खरवडला. तेवढाच त्यांचा संत्रा होता.

“सर, मी…” मी पुढे काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला.

“थांब. पाहू दे.”

बाई अवघडून म्हणाल्या, “आम्हाला कल्पना नव्हती. जंबेरी असेल तर काढून टाकू. नाहीतरी इथे जागा लागणारच आहे.”

सर ताडकन उठले. “नाई बाई, काढू नका. खुंट जित्ता आहे. पाणी कोणी घातलं नसन, राखण कोणी केली नसन, तरी इतका झाला. पयला तर हाच होता. संत्रा त्याच्या खांद्यावर बसला होता.” ते झाडाभोवती एक फेरी मारून आले. त्यांच्या आवाजात काहीतरी बदललं होतं, सकाळी संग्रहालयात होता तसा तो झाला होता. “एक फांदी छाटा. नवा फुटवा येऊ द्या. त्याच्यावर मी सौंसरचा डोळा आणून बांधतो. अर्ध्या झाडाले संत्रा लागन, अर्ध्याले जंबेरी. पोट्टे पाहायले येतीन.”

“आणि पाटीवर काय लिहायचं?” बाईंनी विचारलं.

“काही लिहू नका सध्या. पान आहे थे राहू द्या.”

मग त्यांनी एका पोराला वर चढवून ते खडबडीत फळ काढायला लावलं. जेवायला आम्ही त्याच सावलीत बसलो. सावली खरंच मोठी होती, आम्ही सगळे मावलो. सरांनी जंबेरी कापली आणि प्रत्येकाच्या पोह्यांवर स्वतः पिळली. वंदनाने एक थेंब जिभेवर घेतला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

“सर, आमचा संत्रा आणला आहे पिशवीत. थो खा ना.”

“थो घरी खातो,” सर म्हणाले. “आज हाच.”

परतीची गाडी अंधार पडता पडता सुटली. सर खिडकीशी बसले होते आणि बोलत नव्हते. मला पुन्हा भीती वाटू लागली होती. तेवढ्यात त्यांनी हजेरीपट काढला, पेन मागितलं.

हजेरी सुरू झाली. झुलणारा गोळा. हजर. ताडाचं बी. हजर. चौकीदाराचे अंदाज. हजर. माझा नंबर आला तेव्हा सवयीने मी खडू शोधायला लागले, पण समोर वर्गातलं बाक नव्हतं. सर वाट पाहत होते.

“वाळका खुंटारा,” मी म्हणाले. “बोटाएवढा. वरून काळा होता, तुम्ही नखाने खरवडल्यावर आतून पिवळा दिसला.”

“पिवळा होता?”

“हो.”

“मले नाई दिसलं थे,” सर म्हणाले, आणि माझ्या नावापुढे खूण केली.

हजेरी संपली. त्यांनी पट मिटायला घेतला, तेव्हा वंदनाने तो त्यांच्या हातातून सरळ काढून घेतला. 

“सर, तुमची राहिली.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“आजचं सांगा,” वंदना म्हणाली. “जुनं सांगसान तं गैरहजर लावीन.”

 सर सरळ होऊन बसले, वर्गातली पोरं नंबर आल्यावर बसायची तसे.

“जंबेरी,” ते म्हणाले. “मोठं झाड. काटे लांब. सावली दाट.”

“हजर,” वंदना म्हणाली.